नाडीमावशीचं ‘बास’

नाक-कान-घशाच्या त्या दवाखान्यात तपासणीची खुर्ची एकच होती, आणि तिच्या उजव्या बाजूच्या दोन फरश्या मावशींच्या होत्या. सव्वीस वर्षं त्या तिथेच उभ्या राहत आल्या होत्या. डावा हात पेशंटच्या डोक्यामागे, उजवा हात त्याच्या मनगटावर. थोरले डॉक्टर कपाळावरचा दिवा लावून पुढे वाकले, चिमट्याने गॉजची लांब पट्टी नाकात सारू लागले, की मावशी गप्प होत. मग केव्हातरी, वीस पेशंटांत एखाद्याच्या वेळी, त्या शांतपणे म्हणत, “बास.”

का, ते डॉक्टर विचारत नसत. चिमटा मागे, पट्टी बाहेर, खुर्चीची पाठ खाली, पाय वर. तोवर पेशंट पांढराफटक पडलेला असे, पण खुर्चीतून पडलेला नसे. दोन मिनिटांनी डोळे उघडून तो विचारी, “झालं?”

“झालं की,” मावशी म्हणत. “तुमचं तर आमच्याआधीच झालं होतं.”

सव्वीस वर्षांत खुर्चीतून खाली घसरलेले पेशंट तीन, आणि तिघेही मावशी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या त्या आठवड्यातले. ही गोष्ट मावशी स्वतः कधी सांगत नसत. दुसऱ्या कुणीतरी सांगावी अशी व्यवस्था मात्र करत.

मनगटाची ही विद्या दवाखान्यापुरती राहिली नव्हती. शाळा चुकवायला पोट धरून बसलेली मुलं शेजारणी त्यांच्यापुढे आणून उभी करत. मावशी मनगट धरत, डोळे अर्धे मिटत आणि निकाल देत, “ठणठणीत आहे. पाठव.” घरी यजमानांचीही सुटका नव्हती. ते शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुपारी चहा एकदाच घेतला असं मास्तर म्हणाले, की मावशी हात पुढे करत. “द्या मनगट.” मास्तर मनगट न देताच कबूल होत, “दोनदा.”

असं करता करता सगळी आळी त्यांना नाडीमावशी म्हणू लागली. आणि इतक्या नाड्या हाताखालून गेल्यावर मावशींचं एक मत बनलं होतं. माणसं वरून कितीही वेगळी दिसोत, आतून सगळ्यांचं सारखंच चालतं. बँकेचा मॅनेजर असो की पाववाला, ठोका तोच. या विचाराने त्यांना बरं वाटे.

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. पहिल्याच दिवशी थोरले डॉक्टर घाईत म्हणाले होते, “मनगट धरून ठेवा. नाडी मंद झाली की सांगा.” कसं धरायचं ते त्यांनी दाखवलं नाही, आणि मावशींनी विचारलं नाही. विचारलं असतं तर नोकरी मिळाली नसती, असं त्यांना तेव्हा वाटलं. नंतर विचारायची गरजच उरली नाही.

तर अशा या खोलीत एका सोमवारी धाकट्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या थोरल्या डॉक्टरांच्या सूनबाई. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून सासऱ्यांच्या हाताखाली आल्या, आणि येताना चाकांच्या स्टँडवर बसवलेलं एक यंत्र घेऊन आल्या. त्याला लांब वायर, वायरच्या टोकाला चिमटा. कपडे वाळत घालताना लावतो तसा तो चिमटा पेशंटच्या बोटाला लावायचा. लगेच पडद्यावर नाडीचा आकडा उमटे, आणि आकडा फार उतरला की यंत्र ओरडे.

प्रश्न जागेचा होता. खुर्चीच्या डावीकडे बेसिन आणि पंप, मागे औषधांचं कपाट, समोर डॉक्टरांचं फिरतं स्टूल, पायांकडे भिंतीशी एक छोटं कपाट. स्टँड मावेल अशी जागा एकच, मावशींच्या दोन फरश्यांची.

“मावशी, तुमची सोय मी पुढच्या काउंटरवर केलीय,” बाई म्हणाल्या. “नंबर द्यायचे, नावं लिहायची. बसून काम आहे. वर पंखा आहे.”

“मला पंख्याचं काय करायचंय?”

“दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत तुमचे?”

“दुखतात. पण ते इथे दुखतात,” मावशी म्हणाल्या.

थोरल्या डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. सून आणि मावशी यांच्यात बोलायची वेळ आली की त्यांचा चष्मा मळत असे. शेवटी ते म्हणाले, “एक आठवडा दोघांना शेजारी राहू दे. यंत्रही बघेल, मावशीही बघतील. शनिवारी ठरवू.”

बाईंना ते पटलं. फक्त त्यांनी एक अट घातली. चिमटा नाकात जाण्याआधी मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून नाडी मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. यंत्र आठवडाभर दारात राहिलं, अर्धं आत, अर्धं बाहेर, त्यामुळे दार लागेना, आणि बाहेर बसलेल्या पेशंटांना फुकटात करमणूक झाली.

पहिला पेशंट पोस्टमन. यंत्र म्हणालं चौसष्ट. मावशी म्हणाल्या, “अठ्ठ्याण्णव.”

दुसऱ्या पेशंट एका शाळेच्या मुख्याध्यापिका. यंत्र सत्तर, मावशी शंभर. तिसरी, नाकात मणी घालून बसलेली पाच वर्षांची मुलगी, जिवाच्या आकांताने रडणारी. यंत्रावर एकशे चोवीस. मावशी ठाम, “शंभर.”

“तुम्हाला घाबरतात हो लोक,” मावशी बाईंना म्हणाल्या. “आमच्या डॉक्टरांपुढे कुणाची एवढी उडत नव्हती.”

“पोस्टमनची चौसष्ट होती, मावशी.”

“यंत्र नवीन आहे. रुळेल.”

मंगळवारी दुपारपर्यंत ते रुळलं नाही. पेशंट कुणीही असो, मावशींचा आकडा पंच्याण्णव ते शंभर. बाईंनी आकडे बघायचे सोडून मावशींचा हात बघायला सुरुवात केली.

“मावशी, तुम्ही नाडीवर अंगठा ठेवता?”

“मग काय, पायाचा ठेवू?”

“तसं नाही. नाडी बघायची ती मधल्या बोटांनी. अंगठ्याला त्याची स्वतःची नाडी असते. तुम्हाला लागते ती पेशंटची नाही. तुमची.”

मावशींना आधी कळलंच नाही. बाईंनी पेशंटच्या बोटाचा चिमटा काढून मावशींच्या बोटाला लावला. पडद्यावर सत्त्याण्णव उमटलं. खुर्चीतला पेशंट, एक जाडजूड ठेकेदार, मान वळवून तोही बघत होता.

“मोजण्यात तुमची काही चूक नाही,” बाई म्हणाल्या. “आकडा अगदी बरोबर. फक्त माणूस चुकला.”

थोरले डॉक्टर हसायला लागले. इतके हसले, की कपाळावरचा दिवा काढून ठेवावा लागला. सव्वीस वर्षं आपण एका धडधाकट बाईच्या नाडीवर विसंबून हजारो नाकं तपासली, हे त्यांना कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी मावशींकडे पाहिलं आणि हसू गिळलं. निवांत असताना मावशींचा ठोका सत्तर-बहात्तर असणार. सोमवारपासून तो शंभराच्या घरात होता. या खोलीत दोन दिवस घाबरलेलं होतं कोण, ते तिघांनाही एकदमच समजलं. ठेकेदारालासुद्धा.

बुधवारी मावशी आपण होऊन काउंटरवर जाऊन बसल्या. पंखा होता. त्या वाऱ्यावर नोंदवहीची पानं उडत, ती धरायला त्यांचा अंगठा उपयोगी पडला, एवढंच.

अकराच्या सुमाराला आतून आधी धप्प असा आवाज आला आणि मग यंत्र ओरडलं. मोटार चालवायला शिकवणारा एक धिप्पाड माणूस खुर्चीतून घसरून गुडघ्यांवर आला होता. लागलं काही नव्हतं. तो उठला, लाजला, आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गेला तो पुन्हा आलाच नाही. मावशी जागच्या उठल्या नाहीत. पण चेहऱ्यावर जे यायचं ते आलंच, आणि ते लपवायला त्यांनी नोंदवही उभी धरली.

जेवणाच्या सुट्टीत बाई वही घेऊन काउंटरपाशी आल्या. त्या सरळ स्वभावाच्या होत्या. आपल्याला अडचणीचं असलं तरी दिसलेलं लिहून ठेवायची त्यांना सवय होती.

“सोमवार-मंगळवार मिळून तुम्ही चारदा ‘बास’ म्हणालात. चारही वेळा त्यानंतर तीन-चार सेकंदांनी यंत्रावरचा आकडा कोसळला. यंत्र मागच्या काही ठोक्यांची सरासरी काढतं, त्यामुळे त्याला उशीर होतो. पण तुम्हाला आधी कळलं कसं? अंगठा तर सांगू शकत नाही.”

“मला काय माहीत. मला वाटायचं, हातच सांगतो.”

“नाकात नेमकं काय होतं, ते माहीत आहे?”

“शिंक येते.”

“ती शिंकही तिथलीच,” बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. “नाकाच्या आतल्या पातळ कातडीत नसांचं जाळं आहे. चेहऱ्याला स्पर्श कळतो तो ज्या नसेमुळे, तिच्याच फांद्या. धूर, धूळ, पाणी, काहीही नको ते आत आलं, की ती नस मेंदूच्या देठाला वर्दी देते. तिथे विचार वगैरे होत नाही. हुकूम सुटतो. कधी शिंकेचा. कधी श्वास बंद करायचा, म्हणजे नको ते फुप्फुसात जाऊ नये. आणि दुसऱ्या एका नसेवाटे हृदयाला निरोप जातो, सावकाश चाल, आहे तेवढ्या हवेत भागव. थंड पाण्यात तोंड बुडवलं तरी असंच होतं.”

मावशींनी जरा विचार केला. “म्हणजे नाकाला वाटतं, माणूस बुडतोय.”

“अगदी तसंच.”

“आणि माणूस बसलाय खुर्चीत.”

“कोरडा,” बाई म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू आलं. “आपण आत बधिर करायचं औषध लावतो, म्हणून बहुतेकांचं निभावतं. पण एखाद्याची नस फारच हळवी असते. ती ओळखायला तुम्ही हव्यात, की नकोत, हे मला शनिवारी ठरवायचंय. कसं ओळखता ते शोधून काढा. सांगता आलं, तर त्या खोलीत राहा. नाही आलं, तर नुसत्या अंदाजावर मी पेशंट बसवणार नाही.”

हे न्यायाचं होतं, म्हणूनच मावशींना जास्त लागलं. रागावून तरी कुणावर रागवायचं?

गुरुवारी दुपारी मास्तर जेवून आडवे झाले होते. घरात नाक एकच हाताशी होतं. मावशींनी मशीनजवळचा दोरा घेतला, दुहेरी पिळला, उशाशी बसल्या आणि दोऱ्याचं टोक हलकेच मास्तरांच्या नाकपुडीत सारलं. मास्तरांचं घोरणं मध्येच थांबलं. पोट वर आलं ते वरच राहिलं. मग सगळं अंग गोळा होऊन अशी शिंक आली, की खिडकीतली चिमणी उडाली.

“काय चाललंय?” मास्तर उठून बसले.

“अभ्यास.”

“माझ्या नाकात?”

“घरात दुसरं कुणाचं आहे?”

मास्तरांना बुधवारची हकिगत ठाऊक होती. बायको रात्री पाठ करून झोपली होती, तेही ठाऊक होतं. ते नाक चोळत म्हणाले, “पुन्हा कर. पण जागेपणी. आणि दुपारचा दुसरा चहा यापुढे तपासणीशिवाय.”

सौदा ठरला. मास्तर भिंतीला टेकून, पाय पसरून बसले. मावशींनी दोरा घातला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण शिंप्याचा डोळा तो, पाण्यातूनही बघतच राहिला. माप देताना कोण पोट आत घेतं आणि तेव्हा छताकडे बघतं, हे चाळीस वर्षं बघितलेला माणूस.

“थांब,” ते शिंकून झाल्यावर म्हणाले. “तू दोरा घालतेस नाकात आणि बघतेस कुठे?”

“कुठे?”

“माझ्या पायांकडे.”

मावशींनी दोरा बोटाला गुंडाळला. मग हळूच म्हणाल्या, “मला कुणाच्या नाकात बघवत नाही.”

“काय?”

“किळस येते. पहिल्या दिवसापासून. डॉक्टरांना सांगू नका.”

नाकाच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या बायकोकडे मास्तर बघत राहिले. मग ते इतके हसले, की त्यांना दोऱ्याशिवायच आणखी एक शिंक आली.

पण उलगडा झाला होता. नाकाकडे बघायचं नाही, म्हणून मावशी समोर बघत. समोर खुर्चीचा पायठा, त्यावर पेशंटचे पाय, तेही उघडे, कारण फरशी मावशीच पुसत आणि बूट-चपला दाराबाहेर काढायला लावत. सव्वीस वर्षांत त्यांनी किती पाय पाहिले असतील त्याला गणतीच नव्हती. त्या रात्री त्या डोळे मिटून एकेक पाय आठवत राहिल्या. चिमटा आत गेला की प्रत्येकाची बोटं आवळतात. आणि ज्याचं होणार असतं, त्याची बोटं एकदम सुटतात, दोरी तुटलेल्या बाहुलीसारखी.

शुक्रवारी त्यांनी परवानगी मागून ते करून बघितलं आणि सगळा घोटाळा केला. आता त्या मुद्दाम बघत होत्या, त्यामुळे सगळंच दिसत होतं. एकाने पायाला मुंगी चढली म्हणून बोटं हलवली, मावशी म्हणाल्या, “बास.” एकीने आळस दिला, “बास.” थोरले डॉक्टर तीनदा चिमटा मागे घेऊन दमले. “मावशी, आज मला नाकात जाऊ देणार की नाही?” बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मावशींनी ते वाचायचा प्रयत्न केला नाही.

शनिवारी शेवटचा पेशंट गेल्यावर मावशींनी बाईंना सगळं सांगितलं. अंगठ्याचं, पायांचं, बोटांचं. किळसेचंही सांगून टाकलं, कारण त्याशिवाय हिशेब जुळत नव्हता. थोरल्या डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

“दाखवा,” बाई म्हणाल्या. त्यांनी सँडल काढले आणि स्वतःच खुर्चीत बसल्या. चिमटा बोटाला लावला. “माझ्यावर. हॉस्पिटलात शिकत असताना मला दोनदा झालं होतं. बधिर करायचं औषध नको, बाबा.”

“सुनेच्या नाकात चिमटा घालायचा योग सगळ्याच सासऱ्यांना येत नाही,” थोरले डॉक्टर म्हणाले, आणि वाकले.

मावशी पायठ्यापाशी उभ्या राहिल्या. मनगट नाही, घड्याळ नाही. चिमटा आत गेला, बोटं आवळली. क्षणभराने सुटली.

“हे नाटक आहे,” मावशी म्हणाल्या. “चालू द्या.”

“कशावरून?” बाईंनी नाकातून विचारलं.

“खरी सुटतात ती सगळी एकदम. तुम्ही अंगठ्यापासून सुरुवात केलीत.”

बाईंच्या पोटात हसू हललं, बोटं पुन्हा आवळली, आणि हसू तसंच थांबलं. पोट वर राहिलं. आवळलेली दहाही बोटं एकाच वेळी मऊ झाली.

“बास.”

पडद्यावर चौऱ्याहत्तर होतं. थोरल्या डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलंच नाही. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात मागे आला. “अहो, अजून तर मला...” बाई बोलू लागल्या. पडदा म्हणाला एकसष्ट, बावन्न, त्रेचाळीस, आणि ओरडला. तोवर मावशींनी खुर्चीची पाठ पाडून पाय वर घेतले होते. बाईंचा चेहरा गॉजच्या रंगाचा झाला होता.

दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, “किती सेकंद?”

“मला विचारू नकोस,” थोरले डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले. “मी सुनेच्या काळजीत होतो.”

“चार,” मावशी म्हणाल्या.

बाई आडव्या पडल्या पडल्याच खोलीकडे बघू लागल्या. उजवीकडच्या दोन फरश्या, मागचं कपाट, पायांकडची भिंत. “यंत्र उजवीकडेच लागेल,” त्या म्हणाल्या. “यंत्राला आकडा कळतो, तो मला हवाच आहे. पण मावशी, तुमची जागा इथे पायांशी. भिंतीशी आहे ते छोटं कपाट काढून टाकू. आणि इतकं खाली बघायचं तर उभं राहून नको, मान जाईल. बसायला काहीतरी करून घेऊ.”

“म्हणजे काउंटर?”

“काउंटरवर बाबा बसतील दुपारचे. त्यांना पंखा आवडतो.”

थोरल्या डॉक्टरांनी चष्मा घातला, आणि पुसायला म्हणून तो परत काढला.

सोमवारी सकाळी सुतार आला. त्याने कपाट काढलं, भिंतीपासून पायठ्यापर्यंत पट्टीने माप घेतलं, मावशींना एका खोक्यावर बसवून त्यांच्या डोळ्यांची उंची घेतली. पेन्सिल कानामागे खोचून त्याने विचारलं, “लाकूड कसलं लावू, मावशी? साधं पाच-सहा वर्षं टिकेल, सागाचं वीस. अजून किती वर्षं बसायचा विचार आहे?”

“तुम्ही सागाचं लावा,” मावशी म्हणाल्या. “पुढचं मी बघते.”